बिलिंग सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये वापरणाऱ्याला काय सांगावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका छोट्या टीमचं दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे आणि इंदूर, देवास, उज्जैनकडचे घाऊक व्यापारी ते वापरतात. इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर मशीनवर बसवणारी फाइल, इन्नो सेटअप या तयार साधनात केलेला आहे, चालतोही नीट. तरीसुद्धा दर नव्या व्हर्जननंतर दोन दिवस फोन वाजत राहतात. "डेटा तर जाणार नाही ना?" "अडकलंय, बंद करून परत लावू का?" "झालं की नाही तेच कळत नाहीये." इन्स्टॉलरमध्ये आणखी माहिती द्यावी का, आणि द्यायची तर कुठे, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं याच जातीची सॉफ्टवेअरं लिहितोय आणि इंदूरच्या सियागंज, क्लॉथ मार्केट या बाजारांत दुकानोदुकानी जाऊन बसवूनही दिली आहेत. माझं म्हणणं असं, की आणखी मजकूर घालून हे फोन थांबणार नाहीत. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये आत्ताही भरपूर लिहिलेलं आहे. कोणत्या फोल्डरमध्ये बसणार, स्टार्ट मेनूत कोणत्या नावाने दिसणार, डेस्कटॉपवर आयकॉन हवा का, सगळं आहे. पण मशीनसमोर बसलेल्या मुनीमजींना यातलं काहीच विचारायचं नसतं. त्यांच्या मनात चार गोष्टी असतात. माझा हिशेब शाबूत राहील ना, काउंटर किती वेळ बंद ठेवावा लागेल, बिघडलं तर मागे येता येईल का, आणि अडलं तर फोन कुणाला करू. प्रत्येक पडदा उघडून स्वतःला विचारा, हा या चारांपैकी कशाचं उत्तर देतोय? कशाचंच देत नसेल तर तो पडदा उडवा.

म्हणून सुरुवात काढण्यापासून करा. स्वागताचं पान इन्नो सेटअपने ५.५.७ या व्हर्जनपासून मुळातच बंद ठेवलंय. कुणी हौसेने पुन्हा चालू केलं असेल तर बंद करा. अपडेटच्या वेळी फोल्डर विचारायचंच नाही. स्क्रिप्टमधला (इन्नोला दिलेल्या सूचनांच्या फाइलमधला) ॲप आयडी, म्हणजे प्रोग्रॅमची ओळख, प्रत्येक व्हर्जनमध्ये तोच ठेवला असेल तर इन्स्टॉलर जुनी जागा आपोआप ओळखतो आणि ते पान गाळतो. आयडी मध्येच बदलला असेल तर मात्र तो नव्या प्रोग्रॅमसारखा वागतो, मुळात ठरवलेलं फोल्डर सुचवतो, आणि जुना प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर एकाच मशीनवर दोन व्हर्जनं नांदतात. "जुनी बिलं गायब झाली" असे जे फोन येतात, त्यातले निम्मे इथूनच जन्मतात असा माझा अनुभव आहे. बिलं कुठेही गेलेली नसतात, माणूस दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये शिरलेला असतो. हे आधी तपासा, कारण पाया इथे चुकला असेल तर वर कितीही चांगलं वाक्य लिहून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. इन्स्टॉल बटण दाबण्याआधी जे शेवटचं पान येतं, त्यावर बहुतेक लोक काहीच मेहनत घेत नाहीत. माझ्या मते सगळ्या इन्स्टॉलरमधली सर्वांत मोलाची जागा तीच आहे. पुढचं बटण दाबलं की गोष्ट सुरू होणार हे समोरच्याला कळतं, त्यामुळे एरवी न वाचणारा माणूसही तिथे घटकाभर थांबतो. आणि तिथे त्याला काय दिसतं? "डेस्टिनेशन लोकेशन", मग एक लांबलचक पाथ, मग "ॲडिशनल टास्क्स", "क्रिएट अ डेस्कटॉप शॉर्टकट". त्याची भीती जशीच्या तशी राहते.

त्या जागी असा मजकूर असू शकतो:

"या कॉम्प्युटरवर व्हर्जन ६.२ आहे. त्याच्या जागी ६.३ बसेल.
तुमच्या फर्मचा डेटा: शेवटचं बिल क्रमांक ४१८२, दिनांक १३ मार्च. तो बदलणार नाही.
आधी त्याची एक प्रत डी ड्राइव्हवर 'बिलिंग बॅकअप' या फोल्डरमध्ये ठेवली जाईल.
या वेळात काउंटरवर बिल करता येणार नाही. जुन्या मशीनवर २० मिनिटं लागू शकतात.
अडचण आली तर या नंबरवर फोन करा."

यातली दुसरी ओळ सगळ्यांत जास्त काम करते. "तुमचा डेटा सुरक्षित आहे" असं प्रत्येक कंपनी म्हणते, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पण स्वतःच्या हाताने थोड्या वेळापूर्वी काढलेल्या बिलाचा नंबर पडद्यावर दिसला, की इन्स्टॉलरला आपली वही सापडली आहे हे मुनीमजींना न सांगता कळतं. उलटही खरं आहे. नंबर चुकीचा दिसला, समजा मागच्या वर्षातला एखादा, तर तेही त्याच क्षणी ओळखतात आणि थांबतात. तो फोन मला हवाच असतो, कारण तो इन्स्टॉल होण्याआधी आलेला असतो.

हे करायला अवघड नाही. इन्स्टॉलरने डेटाबेस उघडायच्या फंदात पडू नये. तुमच्या प्रोग्रॅमने दर वेळी बंद होताना एका छोट्या इनी फाइलमध्ये (ही साध्या मजकुराची सेटिंग-फाइल) व्हर्जन, फर्मचं नाव, शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवायची. इन्नो सेटअपमध्ये इनी वाचायचं फंक्शन तयार आहे, आणि त्या शेवटच्या पानावरचा मजकूर आपल्या मनासारखा करण्यासाठी अपडेट-रेडी-मेमो हे फंक्शन दिलेलं आहे. दोन्ही जोडली की झालं. एक काळजी घ्या. अक्षरं साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, ती इनी फाइल त्यातल्या यूटीएफ-१६ मध्येच लिहा. यूटीएफ-८ मध्ये लिहिली तर विंडोज ती जुन्या पद्धतीने वाचते, आणि "श्री गणेश ट्रेडर्स" देवनागरीत लिहिलेलं असेल तर त्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. डेटा सुरक्षित आहे असं सांगणाऱ्या पानावर फर्मचं नावच वेडंवाकडं दिसलं तर होता तोही धीर सुटेल.

बॅकअपचं वाक्य लिहिलं तर ते खरं असलं पाहिजे. प्रत घ्यायचं काम प्रिपेअर-टू-इन्स्टॉल या टप्प्यात करा. त्या फंक्शनमधून तुम्ही एखादं वाक्य परत पाठवलंत तर इन्स्टॉलर तिथेच थांबतो आणि तेच वाक्य पडद्यावर दाखवतो. म्हणजे पेन ड्राइव्ह भरला, डी ड्राइव्हच नाही, जागा कमी पडली, काहीही झालं तरी जुन्या प्रोग्रॅमला हात लागण्याआधी माणसाला कारण कळतं. "बॅकअप घेता आला नाही. डी ड्राइव्हवर ९०० एमबी हवेत, ४०० एमबी मोकळे आहेत. काहीही बदललेलं नाही, तुम्ही जुन्या व्हर्जनवर बिलं करू शकता." यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. अपयशाच्या प्रत्येक संदेशात "आत्ता तुमची स्थिती काय आहे" हे असायलाच हवं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना कारणापेक्षा त्याची गरज जास्त असते.

काही अपडेटमध्ये नियमच बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक माल ५ आणि १८ मध्ये आला. त्या आठवड्यात गावातल्या जवळपास प्रत्येक दुकानाला नवं व्हर्जन हवं होतं. अशा वेळी इन्स्टॉल करण्यापूर्वी एक माहितीचं पान दाखवणं योग्यच आहे, इन्नोमध्ये त्यासाठी वेगळी फाइल जोडता येते. पण तिथे लोक सहसा काय चिकटवतात, तर व्हर्जन ५ पासूनच्या बदलांची अख्खी यादी, त्यात "रिपोर्ट मॉड्यूलमधला बग काढला" वगैरे. व्यापाऱ्याला त्या दिवशी दोनच गोष्टी हव्या होत्या. २१ तारखेपर्यंतची बिलं जुन्याच दराने राहतील का? आणि माझ्या मालाचे दर आपोआप बदलणार की मला एकेक करून बदलावे लागणार? मी असतो तर चार ओळी लिहिल्या असत्या. २१ सप्टेंबरपर्यंतच्या बिलांना हात लागणार नाही. २२ पासूनच्या बिलांना नवा दर लागेल. एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) भरलेल्या मालाचे दर आपोआप बदलतील. कोड नसलेल्या मालाची यादी प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडल्यावर दिसेल, ती तपासा. बाकी सगळं मदतीच्या पानावर.

"अडकलंय" या फोनकडे वळू. प्रगतीची पट्टी माणसाला धीर देते हे नुसतं आपल्याला वाटतं असं नाही. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं, की किती काम झालंय हे दिसत असेल तर लोकांना ती प्रणाली जास्त आवडते. पुढे २००७ मध्ये क्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टीच्या चालीवर प्रयोग केले. पट्टी शेवटाजवळ रेंगाळली तर तेवढाच वेळ माणसाला जास्त वाटतो आणि शेवटी वेग घेतला तर कमी वाटतो, असं त्यांना आढळलं. आता तुमचा इन्स्टॉलर पाहा. इन्नो सेटअपची पट्टी फायली उतरवण्याबरोबर पुढे सरकते. फायली उतरल्या की ती भरते. आणि तुमचं खरं जड काम, म्हणजे जुना डेटाबेस नव्या रचनेत आणणं, ते त्यानंतर स्क्रिप्टच्या रन विभागात, म्हणजे फायली उतरल्यावर चालवायच्या कामांच्या यादीत, चालतं. म्हणजे पट्टी पूर्ण भरलेली आणि पडदा दहा मिनिटं निश्चल. हॅरिसन यांच्या प्रयोगातली सगळ्यांत वाईट चाल आपण आपल्या हाताने रचून ठेवलेली आहे. समोरचा माणूस टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रॅम मारणार नाही तर काय करणार? आणि रचना बदलत असताना मारला की मग खरोखरच डेटाची काळजी करायची वेळ येते.

कमीत कमी एवढं करा. रन विभागातल्या त्या ओळीला स्टेटस मेसेज द्या, म्हणजे "फिनिशिंग इन्स्टॉलेशन" ऐवजी तुमचं वाक्य दिसेल. त्याहून चांगलं म्हणजे डेटाबेसच्या कामासाठी स्वतंत्र प्रगतीचं पान करा, तशी सोय स्क्रिप्टमध्ये आहे. आणि त्या पानावर टक्क्यांबरोबर माणसाला ओळखीची गोष्ट दाखवा: "२०२१-२२ ची बिलं झाली. २०२२-२३ ची चालू आहेत." आर्थिक वर्ष हे व्यापाऱ्याच्या डोक्यातलं माप आहे. पाच वर्षांपैकी दोन झाली म्हटलं की उरलेल्याचा अंदाज तो स्वतः बांधतो, आणि हलणारं वर्ष पाहून मशीन जिवंत आहे हेही कळतं. त्याच पानावर खाली एक ओळ: "लाइट गेली तर घाबरू नका. कॉम्प्युटर चालू करून हाच सेटअप पुन्हा चालवा, काम राहिलं तिथून सुरू होईल." हे वाक्य लिहिण्याआधी प्रोग्रॅममध्ये तसं खरंच होतं का ते मध्येच प्लग उपटून पाहा. होत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, मग वाक्य लिहा. या धंद्यात इन्स्टॉलरवर लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला हुंडीसारखी किंमत आहे. वटली नाही तर पुढचं काहीच कुणी मानत नाही.

वेळ सांगताना आपल्या ऑफिसातल्या मशीनवर मोजू नका. आपल्याकडे वेगवान एसएसडी डिस्क असते. मारोठिया बाजारातल्या एखाद्या दुकानात अजून जुनी फिरती डिस्क आणि चार जीबी रॅम असते, त्यावर पाच वर्षांचा डेटा घेऊन मोजा आणि तोच आकडा लिहा. लवकर झालं म्हणून कुणी तक्रार करत नाही.

एरर संदेशांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण फोनवरचा सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. इन्नोचा नेहमीचा संदेश असतो: "डिलीटफाइल फेल्ड, कोड ५. ॲक्सेस इज डिनाइड." खाली तीन पर्याय: पुन्हा प्रयत्न करा, ही फाइल सोडून द्या, रद्द करा. घाईतला माणूस मधला पर्याय निवडतो, कारण त्यात पुढे जाता येतं. मग अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या, आणि तीन दिवसांनी कुठला तरी रिपोर्ट उघडताना प्रोग्रॅम कोसळतो. तेव्हा त्या दिवशी काय झालं होतं हे कुणालाच आठवत नसतं. विंडोजचा कोड ५ म्हणजे परवानगी नाही, कोड ३२ म्हणजे फाइल दुसरा कुणीतरी वापरतोय. आपल्या क्षेत्रात दोन्हींची कारणं बहुतेक ठरलेली आहेत. प्रोग्रॅम उघडा आहे, किंवा अँटीव्हायरसने फाइल धरून ठेवली आहे. इन्नोमधले सगळे मानक संदेश तुम्ही मेसेजेस विभागात बदलू शकता. तिथे असं लिहा: "एक फाइल बदलता आली नाही, बहुतेक बिलिंग प्रोग्रॅम अजून उघडा आहे. तो बंद करून 'पुन्हा प्रयत्न करा' दाबा. फाइल सोडून पुढे जाऊ नका, प्रोग्रॅम अर्धवट राहील." मूळ कोड खाली बारीक अक्षरांत राहू द्या, कारण फोनवर तुम्हाला तो लागणारच आहे.

उघडा प्रोग्रॅम बंद करायला विंडोजमध्ये व्हिस्टापासून रीस्टार्ट मॅनेजर आहे आणि इन्नो तो वापरतो. पण तो फक्त त्याच मशीनवरचं पाहतो. आपल्या व्यापाऱ्यांकडे डेटा एका मशीनवर असतो आणि दोन-तीन काउंटर, शिवाय गोदाम, नेटवर्कवरून जोडलेले. गोदामातल्या मुलाने प्रोग्रॅम उघडा ठेवलाय हे मुख्य मशीनवरच्या इन्स्टॉलरला कळत नाही. म्हणून ही तपासणी तुमची तुम्हीच लिहा. डेटाबेसला कोण कोण जोडलेलं आहे हे सर्व्हर सांगू शकतो. आणि पडद्यावर नावानिशी दाखवा: "काउंटर-२ आणि गोदाम या कॉम्प्युटरवर बिलिंग उघडं आहे. तिथे बंद करा, ही यादी आपोआप रिकामी होईल." नाव दिसलं की मालक बसल्या जागेवरून हाक मारतो आणि काम होतं. "अन्य यूझर कनेक्टेड आहेत" एवढंच लिहिलं तर तो तुम्हाला फोन करतो.

तुमच्याबरोबर डॉटनेट किंवा व्हिज्युअल सी++ चे (मायक्रोसॉफ्टचे) पूरक भाग बसत असतील तर त्यांचे परतीचे कोड, म्हणजे काम संपल्यावर ते जो क्रमांक देतात तो, वाचून भाषेत आणा. ३०१० म्हणजे काम झालंय, फक्त कॉम्प्युटर रीस्टार्ट हवा. कितीतरी इन्स्टॉलर याला अपयश समजून लाल खूण दाखवतात. १६१८ म्हणजे त्याच वेळी दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय, बहुधा विंडोजचं अपडेट. थोडं थांबून पुन्हा चालवा असं सांगा. १६०३ हा मात्र "काहीतरी बिघडलं" एवढंच सांगणारा कोड आहे. त्यावर शहाणपणाचं वाक्य लिहिता येत नाही, तिथे सरळ तुमचा फोन नंबर आणि लॉगची, म्हणजे इन्स्टॉलरने काय काय केलं त्याच्या नोंदींच्या फाइलची, जागा द्या.

लॉग चालू करणं ही स्क्रिप्टमधली एक ओळ आहे, पण फाइल पडते विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये, आणि तिथपर्यंत मुनीमजींना फोनवरून नेणं म्हणजे अर्धा तास. इन्स्टॉलर बंद होताना ती फाइल आपल्या बॅकअप फोल्डरमध्ये कॉपी करा आणि अपयशाच्या संदेशात तिचं नाव द्या, म्हणजे ते व्हॉट्सॲपवर पाठवू शकतील. त्या फाइलमध्ये विंडोजच्या लॉगइनचं नाव आणि फोल्डरांचे पत्ते असतात, बिलं नसतात. हेही त्या संदेशात एका ओळीत लिहा. व्यापारी आपली फाइल दुसऱ्याला देताना विचार करतो, आणि त्याने तो करावाच.

काही पडदे तुमचे नसतात, तरी त्यांची जबाबदारी तुमच्यावर येते. सेटअप चालवला की विंडोज विचारते, हा प्रोग्रॅम बदल करू इच्छितो, परवानगी आहे का? डिजिटल सही नसलेल्या फाइलवर प्रकाशक अज्ञात असं दिसतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर त्याआधी स्मार्टस्क्रीनचा, म्हणजे अनोळखी फाइलबद्दल विंडोजने दिलेल्या इशाऱ्याचा, निळा पडदा येतो. मजा अशी, की तीच फाइल पेन ड्राइव्हवरून आणली तर बहुधा तो निळा पडदा येत नाही, कारण "ही इंटरनेटवरून आली" ही खूण एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या डिस्कवर फायली ठेवायच्या पद्धतीत) फाइलच्या बाजूला नोंदलेली असते आणि पेन ड्राइव्हच्या फॅट पद्धतीत ती गळून पडते. त्यामुळे एका दुकानात येतो, शेजारच्या दुकानात येत नाही, आणि लोकांना वाटतं फाइलमध्येच खोट आहे. बरेच विक्रेते "मोअर इन्फो दाबा, रन एनीवे दाबा" असं चित्रासकट शिकवतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या माणसाच्या मशीनवर सगळ्या फर्मचा हिशेब आहे त्याला धोक्याची पाटी ओलांडायची सवय आपण लावायची नाही. कोड सायनिंगचं, म्हणजे फाइलवर डिजिटल सही करायचं, सर्टिफिकेट घ्या. जून २०२३ पासून त्याची चावी हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवावी लागते, त्यामुळे खर्च आणि खटाटोप वाढलाय हे खरं आहे, तरी घ्या. आणि मग डाउनलोडच्या निरोपातच लिहा, "विंडोज परवानगी विचारेल तेव्हा प्रकाशक म्हणून हे नाव दिसेल. दुसरं नाव दिसलं तर 'नो' दाबा आणि आम्हाला फोन करा." सर्टिफिकेटवर तुमच्या फर्मचं नोंदणीकृत नाव येतं, सॉफ्टवेअरचं नाव येत नाही. गिऱ्हाइकाने ते कधी ऐकलेलंही नसतं. आधी सांगितलं नाही तर खरी सहीसुद्धा त्याला संशयास्पद वाटेल.

भाषेचं पाहू. इंदुरात दुकानाचा कारभार हिंदीत चालतो, तेव्हा इन्स्टॉलर हिंदीत हवाच, आणि आपल्या मराठी गिऱ्हाइकांसाठी, पेढ्यांसाठी, संस्थांसाठी मराठीतही ठेवा. इन्नोमध्ये भाषा म्हणजे एक मजकुराची फाइल, ती एका बैठकीत होते. पण इन्नो भाषा निवडतो विंडोजच्या भाषेवरून, आणि इथे विंडोज सगळीकडे इंग्रजीत असते. त्यामुळे तुम्ही हिंदी-मराठी घालूनही पडदा इंग्रजीच दिसेल. म्हणून पहिल्या वेळी भाषा विचारा, पुढच्या अपडेटला तो निवड लक्षात ठेवतो. इन्नो ६ पूर्ण युनिकोड आहे, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या सांभाळतो, त्याहून जुना वापरत असाल तर बदला. देवनागरीला जुन्या विंडोजमध्ये मंगल हा फॉन्ट होता आणि विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, तेव्हा अक्षरं दिसतील. अडचण उंचीची येते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. डिस्प्ले १२५ टक्क्यांवर ठेवून प्रत्येक पडदा एकदा डोळ्यांखालून घाला. आणि बटणावर जे लिहिलंय तेच तुमच्या सपोर्टच्या मुलाने फोनवर बोलावं. पडद्यावर "पुढे" आणि फोनवर "नेक्स्ट दाबा" असं झालं की पलीकडचा माणूस नेक्स्ट शोधत बसतो.

लायसन्सच्या पानाबद्दल फार काही सांगायचं नाही, ठेवा पण अपडेटला पुन्हा दाखवू नका. एक गोष्ट मात्र त्या लांब मजकुरात कधीच दडवू नका. प्रोग्रॅम दुकानातली काही माहिती तुमच्या सर्व्हरवर पाठवत असेल तर ते वेगळ्या पानावर, साध्या वाक्यात, आधीपासून टिक न केलेल्या चौकटीसह विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी असं म्हटलंय, आणि ती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितलंय. मराठी, हिंदी दोन्ही त्यात आहेत. कायदा नसता तरी हे असंच करायला हवं होतं.

इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर येणाऱ्या अगदी शेवटच्या पानावर "धन्यवाद" लिहून जागा भरू नका. तिथे व्हर्जन क्रमांक, आणि पुन्हा तीच ओळ: "शेवटचं बिल क्रमांक ४१८२, दिनांक १३ मार्च." आधीच्या पानावर होता तोच नंबर इथे दिसला की "झालं की नाही" हा फोन येत नाही. मात्र हा आकडा इनी फाइलमधून पुन्हा छापू नका, नव्या डेटाबेसमधून वाचून आणा. रचना बदलणारा प्रोग्रॅम काम संपल्यावर तो लिहून ठेवू शकतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर इन्स्टॉलरने यशाचं पान दाखवूच नये.

हे सगळं झाल्यावर एखाद्या ओळखीच्या दुकानात जा, मुनीमजींना सेटअप चालवू द्या आणि स्वतः मागे गप्प बसा. ते कुठे थांबतात, कुठे मागे वळून तुमच्याकडे बघतात, तेवढंच टिपा. जिथे बघितलं तिथे वाक्य चुकलंय. हे तुमच्या ऑफिसातल्या मुलांवर करून उपयोग नाही, ती नेक्स्ट-नेक्स्ट करत शेवटाला पोचतात.

राहता राहिला अनइन्स्टॉलर, ज्याचा मजकूर कुणीच वाचून पाहत नाही. दुकानात नवा कॉम्प्युटर आला की जुन्यावरून प्रोग्रॅम काढला जातो, आणि तेव्हा विंडोजवरचा प्रश्न असतो, "हा प्रोग्रॅम आणि त्याचे सर्व भाग पूर्णपणे काढायचे?" सर्व भाग म्हणजे बिलंही का? इन्नो स्वतः न टाकलेल्या फायलींना सांगितल्याशिवाय हात लावत नाही, म्हणजे प्रोग्रॅमने नंतर तयार केलेला डेटा जागेवर राहतो. पण हे त्या माणसाला कुठून माहीत असणार? तोही संदेश बदला: "प्रोग्रॅम काढला जाईल. तुमची बिलं आणि खाती या फोल्डरमध्ये तशीच राहतील. नव्या कॉम्प्युटरवर न्यायची असतील तर हे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या." आणि खाली फोल्डरचा पत्ता, शिवाय ते उघडणारं एक बटण.